‘पाहिलं’ म्हणणारा दुसरा

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज जे घडलं ते, क्रमाने:

१. आठ मजली इमारत, दोन लिफ्ट. डाव्या लिफ्टच्या दाराची पट्टी खडखडत होती. काम माझ्याकडे. सोबत आमचे जुने तंत्रज्ञ रेडिओकाका.
२. पट्टी काढली, सरळ केली, परत बसवली. चार बोल्ट.
३. पहिले तीन ठरलेल्या जोराने आवळले.
४. चौथा बोटांनी फिरवून बसवला. त्याला पाना लावला.
५. पाना ओढला नाही. काढून घेतला.
६. झाकण लावलं. लिफ्ट तीनदा वर-खाली नेली. खडखड नाही. सही घेऊन निघालो.
७. दुपारी लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक दंतवैद्य बाई आणि त्यांचा कुत्रा.
८. दोघांना बाहेर काढलं. इजा नाही. कुत्रा बराच वेळ थरथरत होता.
९. पट्टी एका बाजूने लोंबत होती. चौथा बोल्ट केबिनच्या छतावर पडलेला सापडला.

मुद्दा क्रमांक पाचचं कारण: माहीत नाही.

मालकांना हेच सांगितलं. ते म्हणाले, "होतं असं. माणूस आहे, चुकायचाच. पुढच्या वेळी जरा लक्ष ठेव." एवढ्यावर त्यांनी मिटवलं. मला ते मिटलेलं वाटत नाही.

मी सात वर्षं सैन्याच्या हेलिकॉप्टर कार्यशाळेत होते. तिथे माझ्या हातचा एकही बोल्ट कधी सुटला नाही. प्रौढी म्हणून लिहीत नाही. तिथे तो सुटूच शकत नसे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आईला कालचं सांगणार नव्हते. पण ती निवृत्त होईपर्यंत टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. तिला आवाजातली खरखर लगेच कळते.

"काय ग, लाइन खराब आहे का आज?"

"काही नाही."

"तुझं 'काही नाही' म्हणजे निदान तीन मिनिटांचा ट्रंक कॉल. बोल."

सांगितलं. ती म्हणाली, "बाई धडधाकट आहे, कुत्रं धडधाकट आहे. मग तूच का लिफ्टमध्ये अडकल्यासारखी बसली आहेस?"

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. सैन्याच्या मनुष्यबळ विभागातल्या एक कप्तानबाई. बोलणं भरभर, पण गोड. म्हणाल्या, तुम्हाला परत यायला आवडेल का?

मी सैन्य सोडलं त्याचं कारण सैन्याचाच एक नियम होता. तंत्रज्ञाची सात वर्षं झाली की त्याने बढती घेऊन तपासणी कार्यालयात बसायचं, नाहीतर सेवा सोडायची. वर जा नाहीतर बाहेर जा. मला खुर्ची नको होती, पाना हवा होता. म्हणून बाहेर आले. त्याला आता सव्वा वर्ष झालं.

आता नियम बदलला आहे. बढती न घेता, हातात पाना ठेवूनच पुढे राहता येईल. दोन वर्षांच्या आत बाहेर पडलेल्यांना त्याच हुद्द्यावर परत घेणार आहेत.

"खरं सांगू का," कप्तानबाई म्हणाल्या, "आमच्याकडे तपासणारे पुष्कळ झालेत. तपासायला काही उरलं नाही."

मी हसले नाही. नंतर, फोन ठेवल्यावर, हसले.

अठ्ठावीस तारखेपर्यंत कळवायचं आहे. त्यानंतर यादी बंद.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

कप्तानबाईंनी एक प्रश्नावली पाठवली आहे. 'सेवेत परत येण्यासाठी आपणास कोणत्या गोष्टी आकर्षक वाटतात?' पुढे चौकोन: पगार, घर, रजा, मुलांचं शिक्षण, घराजवळ नेमणूक. मी एकाही चौकोनात खूण केली नाही. खाली 'इतर' म्हणून एक ओळ सोडली आहे. ती फार आखूड आहे.

तिथे जे मावणार नाही ते इथे लिहून पाहते.

कार्यशाळेचं दार लोटायला चार माणसं लागायची. ते उघडलं की पहिल्यांदा रॉकेलसारखा वास यायचा, मग थंड लोखंडाचा, मग कोणाच्या तरी चहाचा. भिंतीवर हत्यारांचा फळा होता. प्रत्येक हत्याराच्या मागे त्याच्याच आकाराची काळी आकृती रंगवलेली. हत्यार काढलं की आकृती उघडी पडायची, म्हणजे काय बाहेर आहे हे दारातून दिसायचं. संध्याकाळी सगळ्या आकृत्या भरल्याशिवाय कोणी घरी जात नसे.

एकदा दांडीचा आरसा सापडेना. अवघड फटीत डोकावायचा, बोटभर आरसा. तो हेलिकॉप्टरच्या पोटात राहिला असेल तर संपलंच. सगळे थांबले. ज्यांचा संबंध नव्हता तेही थांबले. खानावळीतला आचारी हातातला डाव तसाच घेऊन आला आणि ओणवा होऊन शोधू लागला. शेवटी आरसा विभागप्रमुखांच्या टेबलावर मिळाला. त्यांची दाढ दुखत होती. बघायला म्हणून नेला होता.

आचारी म्हणाला, "साहेब, तुमच्या दाढेपायी माझी आमटी करपली."

विभागप्रमुख स्वतः चालत आले, आरसा स्वतःच्या हाताने फळ्यावर टांगला, आणि उभे राहिले. निघून जाता येत नव्हतं, कारण माझे जोडीदार मास्तर अजून बोलले नव्हते. मास्तरांनी आरशाकडे पाहिलं, आकृती भरल्याची खात्री केली आणि मला म्हणायचे त्याच सपाट आवाजात साहेबांना म्हणाले, "पाहिलं." मग साहेब गेले.

मला सैन्याबद्दल विचारलं तर मी हे सांगेन. पण 'इतर'च्या ओळीत हे बसत नाही.

मास्तर म्हणजे माझे दुसरे. तिथे कोणीही एकटं काम करत नाही. पहिला करतो, दुसरा वाचतो आणि पाहतो. मास्तर नियमपुस्तिकेतली पायरी पाढे म्हटल्यासारखी मोठ्याने वाचायचे, म्हणून मास्तर. मी सगळी मापं दशांशासकट सांगायची, म्हणून मला सगळे 'दशांश' म्हणत. ते वाचायचे, मी बोल्ट आवळायची. ठरलेला जोर आला की पाना 'टक्' करतो. मग ते वाकून बघायचे आणि पाना निघाल्यावर बोल्टवरून शेजारच्या पत्र्यापर्यंत लाल रंगाची बारीक रेघ ओढायचे. तो रंग ठिसूळ असतो. बोल्ट केसभर हलला तरी रेघ तडकते. बघून झालं की, रेघेच्या आधी, ते म्हणायचे, "पाहिलं." तोपर्यंत पाना बोल्टवरून काढायचा नाही. शब्द ऐकला की काढायचा.

सहा वर्षं तेच माझे दुसरे होते. आम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणत असू. इतर जोड्यांत पहिल्या आठवड्यातच 'ए' आणि 'अरे' सुरू व्हायचं. आमचं झालं नाही. त्यामुळे कामात अडचण आली नाही.

हिवाळ्यात पान्याला हात लावला की चटका बसल्यासारखं व्हायचं. मास्तर पाना आधी थोडा वेळ काखेत धरून ऊब आणायचे आणि मग मला द्यायचे. हे नियमपुस्तिकेत नव्हतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

मुद्दा क्रमांक पाचचं कारण सापडलं.

मी रेडिओकाकांना त्याच इमारतीत, त्याच लिफ्टच्या छतावर, त्याच जागी उभं केलं. काका दोन वर्षांत निवृत्त होतील. गेल्या वर्षापासून ते आणि काकू राहायला छोटं घर शोधत आहेत आणि काकूंना एकही पसंत पडत नाही. ही मालिका आम्ही सगळे रोज ऐकतो. त्यांना रेडिओ म्हणतात ते उगाच नाही.

"काका, मंगळवारी मी चौथ्या बोल्टला पाना लावला तेव्हा तुम्ही काय बोलत होतात?"

"आता मला काय आठवतं पोरी? मी बोलतो ते मी तरी कुठे ऐकतो?"

"आठवा."

"घराचंच असणार. हां. रविवारी ते तळ्याकाठचं बघायला गेलो होतो. म्हटलं, तिसरं घर पाहिलं."

"परत म्हणा. तसंच."

"तिसरं घर," काका थांबले, त्यांनी श्वास घेतला, "पाहिलं." आणि मग म्हणाले, "तर तुझी काकू म्हणते, मोरी फार लांब आहे."

माझ्या हातात पाना होता. तो बोल्टवरून उचलला गेला. मी उचलला नव्हता.

काकांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे काय झालं?"

मी त्यांना कार्यशाळेची पद्धत सांगितली.

"म्हणजे आमच्या मोरीमुळे ती बाई कुत्र्यासकट लटकली?"

"तुमच्यामुळे नाही. माझ्या हातामुळे."

"अग, पण मग तुझ्यासमोर माणसाने बोलायचं तरी काय? 'बघितलं' चालेल?"

म्हटलं, चालेल.

मालकांना लेखी कारण दिलं. त्यांना ते काकांच्या बडबडीवर ढकलायचं होतं. मी नकार दिला. शिवाय सुचवलं की दोघं जातच असतो, तर दुसऱ्याने पाहून तसं सांगावं. मालक म्हणाले, "हे काही हेलिकॉप्टर नाही. पडलं तर चार मजलेच पडेल." ते विनोद करत होते. मी त्यांना चार मजल्यांवरून पडण्याचा वेग काढून दिला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज आईने पायाची नखं लाल रंगवली आहेत.

"शेवटी एकदा नेलपेंट आणलंस," ती म्हणाली. "आणलंस ते आणलंस, कपाटात मोज्यांच्या मागे का लपवलंस? पण वाईट आहे हो. वाळलं की तडकतं."

तो रेघ ओढायचा रंग होता. मास्तरांनी दिलेली बाटली. अर्धी.

मी आईला सांगितलं की हा नखांचा रंग नाही, हा बोल्टचा रंग आहे. तिने पाय लांब करून पुन्हा बघितले आणि विचारलं, "बोल्टचा रंग घरी आणून काय करणार होतीस?"

"निरोपाच्या दिवशी मिळाला."

"सात वर्षं नोकरी केलीस. लोक घड्याळ देतात."

घड्याळ विभागाने दिलं होतं. ते बंद पडलं आहे.

निरोपाचा दिवस लिहून ठेवते, कारण तपशील विसरायला लागले आहेत असं वाटतं. मी माझी हत्यारं परत करत होते. मास्तर नावं वाचत होते, मी एकेक फळ्यावर टांगत होते, ते "पाहिलं" म्हणत होते. सगळ्या आकृत्या भरल्या. मास्तरांनी वही मिटली आणि म्हणाले, "आता तू."

म्हणजे 'आता तू निघ' असं असावं. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला 'तू' म्हटलं. घाईत असतील.

मी उभी होते. ते माझ्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "पाहिलं." खिशातून बाटली काढून दिली आणि दुसऱ्या दाराने गेले. यादीत माझं नाव नव्हतं, तरी म्हणाले. सवयीने तोंडून जातं.

मी गेल्यावर तिथे कोणी थांबलं नसेल. बरोबरच आहे. मी हत्यार नव्हते.

रविवार, १६ फेब्रुवारी

कप्तानबाई घरी आल्या. माझ्या कल्पनेपेक्षा लहान आहेत, पण बूट एकदम लखलखीत. आईने त्यांना बसवलं, चहा दिला, आणि स्वयंपाकघरात जाते सांगून दाराआड थांबली. जुनी सवय आहे. लाइन जोडली की ऑपरेटर पूर्वी लगेच बाजूला होत नसत.

कप्तानबाईंनी प्रश्नावली काढली. "तुम्ही एकही खूण केलेली नाही."

"लागू होणारं काही नव्हतं."

"मग का सोडलंत, हे तरी सांगा. मला वर अहवाल द्यायचा आहे. साहेब म्हणतात, लोक पगारासाठी जातात."

"मला काम आवडत होतं म्हणून सोडलं."

त्यांनी लिहायला पेन उचललं होतं, ते तसंच धरून ठेवलं. मी समजावून सांगितलं. बढती घेतली असती तर दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या असत्या. जे आवडतं ते सैन्यात राहून करता येणार नव्हतं, आणि सैन्याबाहेर करता येत नाही. त्यांनी हे लिहून घेतलं का ते मला दिसलं नाही.

मग मी विचारलं, "परत आले तर तीच कार्यशाळा मिळेल?"

"मिळेल. माणसं नाहीतच तिथे."

"दुसरे कोण असतील?"

कप्तानबाई एकदम हसल्या. "तुम्ही दोघंही हेच विचारता!"

मी म्हटलं, "दोघं म्हणजे कोण?"

"तुमच्या जोडीतले. त्यांना मास्तर म्हणायचे ना? त्यांनाही मी गेल्याच आठवड्यात भेटले. तेसुद्धा यादीत आहेत. तुम्ही गेल्यावर महिन्याभरातच त्यांनी अर्ज दिला होता, माहीत नव्हतं तुम्हाला? त्यांची तर अजून मुदत बाकी होती. खुर्चीवर जायची सक्तीही नव्हती. कारण विचारलं तर म्हणाले, दुसऱ्या कोणाला वाचून दाखवण्यात मन लागत नाही. हे मी कुठल्या चौकोनात टाकू, सांगा!"

स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं. बहुतेक चमचा.

"ते काय म्हणाले?" मी विचारलं. "परत येण्याबद्दल."

"म्हणाले, पहिलं कोण असेल ते कळल्यावर सांगतो. आणि तुम्ही म्हणता, दुसरं कोण असेल ते कळल्यावर सांगते. नेमणुकीची हमी मी देऊ शकत नाही हो. एकाने आधी सही केली तर दुसऱ्याला तसं सांगू शकते, एवढंच. अठ्ठावीसला यादी बंद होते. शुक्रवार आहे."

त्या गेल्यावर आई बाहेर आली. कप उचलता उचलता म्हणाली, "सात वर्षं तुझी पत्रं वाचली मी. त्यात तोफा कमी आणि मास्तर जास्त."

"तोफा आमच्याकडे नव्हत्याच. हेलिकॉप्टर होती."

"तेच म्हणते मी," आई म्हणाली.

तिला काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही. मास्तरांनी सेवा सोडणं ही कार्यशाळेची मोठी हानी आहे. त्यांच्याइतकं स्वच्छ वाचणारं दुसरं कोणी तिथे नव्हतं. दिवसभर मला याचंच वाईट वाटत होतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तीन लिफ्ट. तेल, दोर, दारं. सगळं ठीक.

'आता तू' या वाक्याचे दोन अर्थ निघतात. दुसरा आज जिना चढताना लक्षात आला. फळ्यावरची सगळी हत्यारं वाचून झाली होती. एक उरलं होतं.

मी पाच पायऱ्या परत खाली उतरले आणि पुन्हा वर आले. कारण नव्हतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काकांनी परवा आपणहून सुरू केलं. मालकांना न विचारता.

"हे बघ पोरी, तुझ्या त्या सैन्यातल्यासारखं मला काही जमायचं नाही. पण तू आवळ, मी बघतो, आणि मग तो शब्द म्हणतो. एरवी तो शब्द तोंडातून काढणार नाही. घरातसुद्धा काढत नाही. काकू विचारते, जागा पाहिली का, मी म्हणतो, नजरेखालून घातली."

पहिले दोन दिवस थट्टाच होती. "पाहिलं, पाहिलं, डोळ्यांचं पारणं फिटलं!" तरी माझा हात शब्दाची वाट पाहत होता आणि शब्द येत होता.

आज रुग्णालयाची जुनी लिफ्ट होती. ब्रेकच्या आवरणाला सहा बोल्ट. पाच झाले. सहाव्याला पान्याने 'टक्' केलं. मी थांबले. काका वाकले, बॅटरी लावली, आणि गप्प राहिले.

"काका?"

"नाही पाहिलं."

"टक् ऐकलंत ना?"

"ऐकलं. पण वॉशर तिरका बसलाय. मला दिसतोय, तुझ्या बाजूने दिसणार नाही. काढ आणि परत आवळ."

काढला. वॉशर तिरका होता. नीट बसवून पुन्हा आवळला. काकांनी पुन्हा बॅटरी लावली. कुठल्याही थट्टेशिवाय म्हणाले, "पाहिलं." मी आईच्या नखांना लावून उरलेल्या रंगाची रेघ ओढली. सव्वा वर्षातली पहिली. ती सरळ आली नाही. रेघ मी कधी ओढलीच नव्हती, ते काम दुसऱ्याचं.

निघताना काका म्हणाले, "डोळ्यात काय गेलं?"

"गंज."

"हो. या लिफ्टला फार गंज आहे," काका म्हणाले.

आता अडचण अशी आहे: मला वाटत होतं, तो शब्द फक्त सैन्यात मिळतो. तो इथेही मिळू शकतो. म्हणजे जे परत हवं आहे ते फक्त शब्द नाही. वजाबाकी केली तर उत्तरात एकच गोष्ट उरते. उत्तर दोनदा तपासलं. तेच येतं.

आईला जेवताना म्हटलं, "मास्तरांचा पत्ता मिळवायचा असेल तर कसा मिळवावा?"

तिने मान वर केली नाही. "तुझ्या कप्तानबाईंचा नंबर मी रविवारीच घेऊन ठेवलाय. परवा फोन केला होता. पत्ता देता येत नाही म्हणाल्या, पण पत्र पोचवतील." मग म्हणाली, "आयुष्यभर परक्या लोकांच्या लाइनी जोडल्या मी. पोटच्या पोरीचीच एंगेज ठेवू?"

रविवार, २३ फेब्रुवारी

सकाळपासून पत्र लिहिते आहे. पहिला खर्डा असा होता: 'आपण सेवेत परत येणार असल्यास तसे कळवावे, म्हणजे मला निर्णय घेणे सोयीचे होईल.' आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "हे वीज मंडळाला पाठवायचंय का?"

खर्ड्यातलं एकही माप चुकीचं नव्हतं. पण ज्या बोल्टवर पाना लावला होता तो तसाच राहत होता. फाडला.

आत्ता दुपार आहे. आई बाहेर गेली आहे, मुद्दाम. खिडकीतून समोरच्या इमारतीची लिफ्ट चालू झाल्याचा आवाज येतो. दोर थोडा घासतो आहे, उद्या त्यांना सांगितलं पाहिजे. कार्यशाळेत असताना आमचं हेलिकॉप्टर दिसण्याआधी आवाजावरून ओळखू यायचं, सगळ्यांच्या माना वर व्हायच्या. मास्तर तेव्हा आभाळाकडे बघायचे नाहीत. मी आभाळाकडे बघत असायची, त्यामुळे ते कुठे बघत असतील ते मला माहीत नाही. हेही विचारता येईल, पण एका पत्रात सगळं नको.

पाठवायचं पत्र असं. इथे नक्कल ठेवते.

मास्तर,

सैन्याचा अर्ज भरून ठेवला आहे. सही केलेली नाही. पाना लावला आहे, ओढलेला नाही, असं समज.

मी इथे लिफ्ट दुरुस्त करते. या महिन्यात माझा एक बोल्ट सुटला. कोणीतरी भलत्याच गोष्टीला 'पाहिलं' म्हणालं आणि माझा हात निघाला. इतर कोणाला हे सांगितलं तर हसतील. तू हसणार नाहीस.

निरोपाच्या दिवशी तू मला 'तू' म्हणालास. तू घाईत होतास असं मी धरून चालले. ते चूक असेल तर दुरुस्त कर. मी या पत्रात तुला 'तू' म्हटलं आहे. मी घाईत नाही. सकाळपासून लिहिते आहे.

तू कार्यशाळेत परत जाणार असशील, तर मी सही करते. जाणार नसशील, तर इथे आमच्या मालकांना आणखी एक तंत्रज्ञ हवा आहे. जुने काका दोन वर्षांत निवृत्त होतील. लिफ्ट उडत नाही, पण वर जाते. हिवाळ्यात इथेही पाना गार पडतो.

यातलं काहीच नको असेल, तर तेही चालेल. पण तसं लिहून पाठव. बाटलीतला रंग संपत आला आहे. आईने थोडा नखांना लावला.

शुक्रवारी यादी बंद होते. गुरुवारपर्यंत कळव.

दशांश